चढावरचा ओव्हरटेक

मोठी गाडी घ्यायचं का थांबवलं, विचारताय ना? ऐका मग. बायकोला बाइकवर मागं बसवून कळवणला चाललो होतो. देवळ्याच्या पुढं चढावर कांद्याच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करायला गेलो. ट्रॉलीच्या बरोबरीला आलो आणि समोरून जीप. पूर्ण रेस पिळली, तरी माझी सव्वाशे सीसीची गाडी उचलेना. कसाबसा ब्रेक दाबून ट्रॉलीच्या मागं घुसलो. जीप आरशाला घासून गेली.

गाडी कडेला लावली. मागं वळून म्हणालो, "बघितलंस? साडेतीनशेची असती तर पुढं निघून गेलो असतो."

ती शांतपणे खाली उतरली.

"निघून कुठं जाणार होता? त्याच्यापुढं अजून दोन ट्रॅक्टर होते, एकाला एक चिकटून. मला मागं बसून दिसत होते."