दोन मंडळांचा एक राव

अध्यक्षांनी नव्या वेबसाइटला मंजुरी दिली. पण हे मला अजून माहीत नाही. मी नया बाजारात कचोरीच्या रांगेत आहे आणि माझ्यापुढे वनमाला आणि गोविंद, दोन मराठी मंडळांच्या वेबसाइट एक करणारे.

"गोविंद, सभासदांच्या नावांना 'राव' लावणारं कोडचं हेल्पर कुठे ठेवलंस?"

"नावांच्या फोल्डरमध्ये. तुमच्या मंडळाचंही तिथेच, आमचंही."

"म्हणजे दोन्ही चालतात?"

"मग कुणाचं काढू? विलीनीकरण आहे यार, लढाई थोडीच आहे!"

"अरे, पहिल्याच पानावर 'अध्यक्ष महिपतरावराव' दिसतंय! आज मंजुरी नाही मिळाली तर दोन महिन्यांचं काम पाण्यात."

"थांब, त्यांचाच फोन. जी काका... जी... बिलकुल, तसंच ठेवतो."

"काय म्हणाले?"

"मंजूर! साठ वर्षांत पहिल्यांदा पुरेसा मान मिळाला म्हणे. एकही राव हलवायचा नाही."

"आणि हा मेल?"

"त्यांच्या घरूनच, सुमनकाकूंचा. वाच."

"'महोदय, सविनय विनंती की, आमच्या यजमानांच्या नावातील एक राव तत्काळ कमी करण्यात यावा. सकाळपासून ते दूध आणायला जात नाहीयेत.'"