एकच आकडा सांगा ना राव!

न्हाई, मला तुमी आधी हे सांगा, तीन पॉईंट एक म्हंजी नेमकं काय? कशाचं तीन पॉईंट एक? दुधाचं असतं तर मला कळलं असतं हो! अठरा वर्षं झाली, गावच्या दूध डेअरीचा सचिव हाय मी, काकासाहेब म्हनत्यात मला, रोज सकाळ-संध्याकाळ त्या फॅटच्या मशीनम्होरं हुबा असतो. कॅन आलं, ढवळलं, नमुना घातला, आकडा आला, तीन पॉईंट आठ, विषय संपला! त्यात कपिलेचं किती आन चंद्रीचं किती, कुनी इचारतं का? न्हाई! म्हनून मी त्या कॉम्प्युटरवाल्याला पयल्याच दिवशी म्हनलं, लई बोलू नका, एकच आकडा सांगा ना राव!

आता तुमी म्हनाल, डेअरीच्या सचिवाला कॉम्प्युटरचं काय पडलंय. पडलंय! आमची ज्ञानेश्वरी, अकरावीला हाय, कबड्डीत चढाईला गेली की चार जनींना लोळवून येनार... तिचा पाय मोडला. प्लास्टर, दोन महिने खाटंवर. त्यात तिची जोडीदारीन निकिता, तिच्या बापाची बदली झाली, ती गेली पुन्याला. जी पोरगी घरात ठरत न्हवती ती भिंतीकडं तोंड करून पडायला लागली हो! ताट तसंच माघारी यायला लागलं. तुमाला सांगतो, मला लई वाईट वाटलं. म्हनलं, बाय, तुला पायजे तरी काय? तर म्हनली, "अप्पा, शेतीचा एक गेम आहे. मी इथून, निकिता तिथून, दोघी मिळून एकच शेत करतो. पण आपल्या कॉम्प्युटरवर चालंल का, माहीत नाही."

शेतीचा गेम! बाहेर चार एकर शेत पडलंय, तिथं खुरपं धर म्हनलं की हिचं डोकं दुखायचं! पन म्हनलं, जाऊ दे, पोरगी हसली म्हंजी झालं. रविवारच्या आत चालू करून देतो, शब्द!

घेतला कॉम्प्युटरचा डबा, ठिवला मोटरसायकलवर फुडं, गाठलं केडगाव. आसाराम म्हनून दुकानदार हाय तिथं. लई गोड मानूस, पन बोलायला लागला की प्रोसेसर काय, ग्राफिक्स काय, नुसता पट्टा सुरू! मी म्हनलं, आसारामशेठ, एकच आकडा सांगा ना राव! तर तो खूश! "अहो, आहे की! हा प्रोग्राम कॉम्प्युटर तपासून एक आकडा देतो. गेमच्या पानावर पण आकडा दिलेला असतो. तुमच्या गेमला लागतो चार. कॉम्प्युटरचा चारच्या वर असला की डोळे झाकून घ्या!"

ह्याला म्हनत्यात शहानपना! मला वाटलं, मुका घ्यावा त्या प्रोग्रामचा. लावला, तपासला... तीन पॉईंट एक.

आता तीन पॉईंट एकचं काय करायचं ते मला कुनी शिकवावं? गाईच्या दुधाला फॅट लागंना तर लोक काय करत्यात? मी कुनाचं नाव घेत न्हाई, पन त्यात तांब्याभर म्हशीचं वतत्यात! आकडा चढतो! मी म्हनलं, आसारामशेठ, मेमरी वता! तो म्हनतोय, "काकासाहेब, जरा ऐकून तर घ्या..." म्हनलं, ऐकायचं न्हाई, वता! दुप्पट मेमरी घातली. लावला प्रोग्राम. तीन पॉईंट एक!

दुसऱ्या दिवशी परत केडगाव. म्हनलं, ते चित्राचं कार्ड घाला, चांगलं जाडजूड म्हशीवानी. "काकासाहेब, अहो, त्यानं आकडा..." म्हनलं, घाला! घातलं. पंखे सुद्धा दोन हायेत त्याला! लावला प्रोग्राम. तीन! पॉईंट! एक!

मंग मात्र माझं टाळकं सरकलं. म्हनलं, मशीन बिघडलंय तुमचं! तवा त्यो बाबा हात जोडून म्हनतो कसा, "आता दोन मिनिटं गप बसता का? आत पाच आकडे असतात. मेमरी सहा, कार्ड सहा, बाकीचे दोन साडेपाच. पण तुमची हार्ड डिस्क जुनी, तिला तीन पॉईंट एक. आणि सगळ्यात कमी जो असेल, तोच अख्ख्या कॉम्प्युटरचा आकडा."

तुमीच सांगा, हा काय न्याय झाला? पोराला चार विषयांत नव्वद पडले आन गनितात पस्तीस, तर काय निकाल पस्तीस टक्के लावत्यात का? सरासरी नावाची काय चीज हाय का न्हाई? आन हे आधी आकड्याखाली लिवायला काय झालं हुतं? एकच आकडा म्हनं! त्यानं मला चांगलं म्हनलं न्हाई, वाईट म्हनलं न्हाई, कुठं दुखतंय ते बी सांगितलं न्हाई, नुसतं दोनदा केडगावला पळवलं!

घरी येऊन हे सगळं बडबडत हुतो तर आमची राजेश्वरी भाकरी थापता थापता म्हनली, "अहो, मागल्या उन्हाळ्यात एक कॅन नासलं म्हनून अख्खा टँकर माघारी आल्ता. तवा लोक सरासरी मागत हुते, तर तुमीच वरडला की, एक नासलं की सगळं नासलं, ह्यात सरासरी न्हाई!"

...म्हनलं हुतं. मी न्हाई कशाला म्हनू. पन बायकोनं असं तवाच्या तवा काढायचं असतं का?

शनिवारी तिसऱ्यांदा केडगाव. गप डिस्क बदलली. साडेपाच! रविवारी गेम चालू. आन तुमाला सांगतो, कानाला ते यंत्र लावून पोरगी हसली... "निके, ट्रॅक्टर विहिरीत घालतीस का!" असं म्हनून खळखळून हसली हो! दोन भाकरी खाल्ल्या. मी बाहेर जाऊन डोळे पुसून आलो.

तिथंच थांबायचं का न्हाई? पन न्हाई! म्हनलं, बाय, मला बी घे तुमच्यात. तीस वर्षं खरी नांगरट केलीय मी! घेतलं. त्या माऊसनं ट्रॅक्टर सरळ जाईल तर शप्पथ! बांध मोडला, गोठ्यात घुसलो, निकिताच्या कांद्यावरनं दोनदा फिरलो. शेवटी त्या गेमनं आमच्या टोळीचा आकडा काढला. ज्ञानेश्वरी पाच पॉईंट सात. निकिता पाच पॉईंट चार. आन टोळीचा...

पोरगी माझ्याकडं बघून हळूच म्हनली, "अप्पा, राग मानू नका, पण तुम्ही जरा बाजूला बसता का? यात पण सगळ्यात कमी असतो तोच धरतात."

एक पॉईंट शून्य! तीस वर्षांच्या शेतीला! एकच आकडा सांगा, एकच आकडा सांगा म्हनून आठवडाभर वरडत हुतो ना... घ्या, सांगितला!