ठकीचं पाणी उत्तम आहे

मंडळी, ऐका! मागे बसलेले, तुम्हीही ऐका — भिंतीला टेकलात म्हणजे सुटलात असं नाही! आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. आपल्या माणसाकडे लक्ष द्यायचं काम दुसऱ्या कुणाला नेमून देता येतं का? स्वयंपाकाला बाई ठेवता येते. पूजेला गुरुजी बोलावता येतात — हल्ली ते मोबाइलवरूनच मंत्र सांगतात, ते सोडा! पण माया करायला कुणी नेमता येतं? डोळे भरून बघायला?

इतक्यात माना हलवू नका. आधी गोष्ट ऐका!

कराडात रमाकांतराव उपळेकर नावाचे गृहस्थ. कारखान्यात विजेचं खातं सांभाळून निवृत्त झालेले. हुशार! अहो, हुशारच! मी त्यांची हुशारी नाकारत नाही, मला तिचा संताप येतो एवढंच. पत्नी प्रमिलाबाई. मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरल्या, कंबर धरली, कित्येक महिने खाटेवर. तेव्हा साताऱ्याहून त्यांचा भाऊ आला आणि खाटेशेजारी काचेची टाकी ठेवून गेला. आत एक सोनेरी मासा. बाईंनी त्याचं नाव ठेवलं ठकी. पडल्या पडल्या ठकीशी बोलायच्या. बांगड्या किणकिणल्या की ठकी काचेशी हजर!

माशाशी का बोलायच्या? नवरा नव्हता का घरात? होता की! पण कामात होता! निवृत्त माणसाला केवढी कामं असतात — तुम्ही काय मला सांगता!

पुढे बाई हिंडूफिरू लागल्या. एक दिवस म्हणाल्या, "अहो, ठकी आज मलूल दिसते. जरा बघता का?"

बघता का — एवढंच! वाकायचं आणि बघायचं. पण हुशार माणूस वाकेल कसा? रमाकांतराव म्हणाले, "नुसतं बघून काय कळतं? मोजलं पाहिजे!"

झालं! जेवणाच्या टेबलावर वायरींचा ढीग! सोल्डरिंगचा धूर घरभर! बाई आमटीचं पातेलं हातात घेऊन उभ्या, ठेवायला जागा नाही! पाणी किती गरम ते सांगणारा एक सेन्सर, पाणी आंबलं का ते सांगणारा दुसरा. जुन्या जेवणाच्या डब्यात सर्किट आणि बॅटरी बसवली, झाकणाला हिरवा दिवा, लाल दिवा, आणि वर भोंगा! तो डबा मोबाइलवर हिरव्या दिव्यासकट निरोप पाठवणार — 'पाणी उत्तम आहे.' मंडळी, यंत्र चाललं बरं का! पहिल्या फटक्यात चाललं! तिथंच घात झाला. अंगावर मूठभर मांस चढलं रमाकांतरावांच्या. अख्खी आळी बघायला आली. टाकीपुढे उभी राहायची आणि डबा बघायची!

त्या दिवसापासून हा माणूस टाकीपाशी फिरकला नाही. बाई विचारायच्या, "ठकी आज खेळतेय का हो?" हे आरामखुर्चीतून — "पाणी उत्तम आहे!" अहो, तिनं पाणी विचारलं होतं का? ठकी विचारली होती!

आता दसरा आला. खरी गंमत इथं आहे, तबलजी, तुम्हीही ऐका! दसऱ्याला आपण काय करतो? हत्यारं पूजतो, गाडीला हार घालतो. रमाकांतराव म्हणाले, "माझं हत्यार हे!" डबा पाटावर ठेवला. हळद, कुंकू, झेंडूचा हार! मग म्हणाले, दिव्यांची माळ हवी. भिंतीवर प्लग एकच! त्यात टाकीच्या हवेच्या पंपाची पिन होती. तीच उपटली! माळ लावली! ज्याच्यासाठी यंत्र, त्याचा श्वास काढला आणि यंत्राची दिवाळी केली!

थांबा, अजून आहे! सेन्सरची टोकं टाकीतून काढली होती ना — ती कोरडी पडली की बिघडतात. एवढं मात्र ठाऊक! मग ती कुठं ठेवली? समोरच्या कलशात! तांब्याचा कलश, स्वच्छ पाणी, वर सुपारी तरंगतेय! 'नंतर टाकीत सोडू' म्हणाले. तेवढ्यात बाहेर रिक्षा आली. सोनं द्यायला मेहुण्याकडे साताऱ्याला जायचं होतं. आपट्याची पानं घेतली, कुलूप लावलं, निघाले!

लक्षात आलं का, मंडळी? टाकीत पंप बंद. सेन्सर कलशात. आणि डबा इमानेइतबारे सांगतोय — 'पाणी उत्तम आहे!'

साताऱ्यात काय थाट त्यांचा! मेहुण्याच्या नाकासमोर मोबाइल! "बघा, इथं बसून कराडचं पाणी सांगतो!" मेहुणा बिचारा बासुंदी खातोय, पाहुण्याला काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनवहिनींचा फोन. किल्ली त्यांच्याकडे, झाडांना पाणी घालायला. "भाऊजी, तुमचा मासा वर येऊन सारखा तोंड उघडतोय. मला काय बरं दिसत नाही."

रमाकांतराव म्हणाले, "वहिनी, पाणी उत्तम आहे."

"अहो, पाण्याला कुबट वास येतोय! मी समोर उभी आहे!"

"तुमचा भास आहे. आणि हे बघा, कशालाही हात लावू नका. सेटिंग बिघडेल!"

ऐकलंत? समोर उभी असलेली बाई खोटी! तिचे डोळे खोटे, नाक खोटं! आणि हे साताऱ्यात बासुंदी ओरपतायत, हे खरे!

प्रमिलाबाई शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "चला घरी."

"अगं, हे बघ ना, हिरवा दिवा—"

"मला दिवा नको. मला ठकी बघायचीय." उठल्या, पिशवी घेतली आणि दुखऱ्या कंबरेनं एकट्या एसटीत जाऊन बसल्या. पाठोपाठ यांचे फोन — वाटेत उंब्रजला फोन, पुढे फोन — "पाणी उत्तम आहे गं!" बाईंनी एकही उचलला नाही. पुढे मेहुण्यानंच हाताला धरून जावयाला मागच्या गाडीत बसवलं.

बाई घरी पोचल्या. माळ लुकलुकतेय. बाईंनी टाकीपाशी हात नेला, बांगड्या वाजवल्या. ठकी आली नाही. ठकी आडवी तरंगत होती.

...पेटी नको. जरा वेळ नको.

रमाकांतराव आले तेव्हा बाई जमिनीवर बसलेल्या, पदरात ती एवढीशी ओली मासळी. आणि ह्या माणसानं पहिल्यांदा काय बघितलं? सांगा! बायको? ठकी? नाही! पाटावरचा डबा! वायर हातानं मागं मागं नेली, कलशाशी पोचले आणि — लाज वाटते सांगायला — चेहरा उजळला! म्हणाले, "प्रमिला, बघ! यंत्र चुकलं नाही! कलशातलं पाणी उत्तमच होतं!"

बाई रडल्या नाहीत. नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यातली एक वायर मला लावायची होती. एवढे महिने मी खाटेवर होते, तुम्हाला कळलं तरी असतं."

तिचं एकटेपण मोजायला गेला असता तर कशानं मोजलं असतं? अहो, देव तरी आणखी काय मागतो आपल्याकडून? देवळात आपण येतो ते बघायला येतो. समोर उभं राहायचं आणि बघायचं, यालाच दर्शन म्हणतात. ते देवाचं करता, मग घरातल्या माणसाचं करताना मान का अवघडते?

हसू नका रमाकांतरावांना! तो निदान सोल्डरिंग तरी शिकला. तुम्ही काय केलंत? 'जेवलीस का' असा मेसेज टाकलात, तिकडून अंगठा आला — झाली सेवा! आईच्या खोलीत कॅमेरा बसवलात, ती पडली तर दिसावी म्हणून. ती बसलेली असते तेव्हा कोण बघतं हो?

खांबाशेजारचे दादा! हो, तुम्हीच! मघापासून शूटिंग करताय. कुणासाठी? आईसाठी? आली का नाही? गुडघे दुखतात! आणि घर कुठं? देवळाच्या मागं? वा! चार पावलांवर आई, आणि तिला कीर्तन पाठवणार मोबाइलवरून!

उठा. मोबाइल इथं देवापुढं ठेवा, कुणी नेत नाही. जा, आईचा हात धरा आणि तिच्या चालीनं तिला इथं घेऊन या. गुरुजी, निरांजन लावू नका. आरती थांबेल. देवाला कुठं गाडी पकडायचीय!

आणि बाकीचे काय बघताय त्यांच्या पाठीकडे? तुमच्या घरी कुणी नाही?