चुन्याची रेघ

(कॅलिफोर्निया, १९४८. स्टुडिओच्या मागच्या आवारात सिनेमासाठी उभारलेलं बेसबॉलचं मैदान. चौथा टेक नुकताच वाया गेला आहे.)

व्हर्ना : पायाला लागलंय का काही? खरं सांग.

ओटिस : नाही.

व्हर्ना : बूट चावतोय?

ओटिस : बूट ठीक आहे, बाई. कपडे चावतायत. या उन्हात लोकर घालून नऊ मेंढ्या उभ्या केल्यात तुम्ही.

व्हर्ना : मग चारही वेळा तूच का बाहेर? मागचे आठजण दोरावरून चालल्यासारखे नीट रेघेवरून येतात आणि सगळ्यांत पुढचा पठ्ठ्या बाजूच्या गवतातून! कॅमेरा वर क्रेनवर आहे. तिथून सगळं दिसतं.

ओटिस : तोल जातो माझा.

व्हर्ना : तुझा? एका पायावर उभा राहून साठ फुटांवरच्या हातमोज्यात चेंडू बसवणारा पिचर तू, आणि तुझा तोल जातो?

ओटिस : माझ्या जागी दुसरा कुणी घे.

व्हर्ना : कुणाला? काल तुझा चेहरा जवळून घेतलाय. आणि शेवटी वळून सगळ्यांच्या डोक्यावरून नायकाच्या हातमोज्यात चेंडू कोण टाकणार? बाकीचे आठ नाचणारे आहेत. त्यांच्यातल्या कुणी फेकला तर नायिकेचे दात पडतील.

गॅलोवे : व्हर्ना!

व्हर्ना : हो, मिस्टर गॅलोवे!

गॅलोवे : बाराला जेवणाची सुट्टी. दुपारी क्रेन दुसऱ्या सिनेमाकडे जाते. तोवर झालं नाही तर हा नाच मी काढून टाकणार. नायक-नायिका बाकावर बसून गातील, संपला विषय.

व्हर्ना : वीस मिनिटं आहेत अजून.

गॅलोवे : सतरा. तुझा पहिला स्वतंत्र नाच आहे म्हणून दिग्दर्शक असूनही सकाळपासून गप्प बसलोय. तुझ्या त्या पिचरला चालता येत नसेल तर तसं सांग.

व्हर्ना : येतं त्याला. पाच मिनिटं द्या… ऐकलंस ना, ओटिस?

ओटिस : ऐकलं.

व्हर्ना : मग आता माझं ऐक. फ्रेस्नोला नऊ वर्षं लहान मुलांना नाच शिकवलाय मी. पाऊल पडत नसलं की मूल कधी खरं कारण सांगत नाही. पोट दुखतं म्हणतं. अशा वेळी मी ओरडायची नाही, शेजारी जाऊन बसायची. आज बसायला वेळ नाही, म्हणून उभ्याउभ्या विचारते. भीती कशाची वाटते?

ओटिस : हसशील.

व्हर्ना : आज मी कशालाच हसत नाहीये.

ओटिस : रेघेवर पाय देत नाहीत.

व्हर्ना : कोण देत नाही?

ओटिस : कुणीच. मैदानात शिरताना आणि बाहेर पडताना हद्दीची रेघ ओलांडायची, तुडवायची नाही. मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून पाळतोय. तुडवली की डाव बिघडतो.

व्हर्ना : अरे, ही रेघ खोटी आहे! गवताला रंग दिलाय. मागचे प्रेक्षक पुठ्ठ्याचे आहेत.

ओटिस : चुना खरा आहे.

व्हर्ना : बरं, चुना खरा. पण डाव कुठाय इथे बिघडायला?

ओटिस : डाव उद्या आहे. सॅन दिएगोला. सकाळी दहाला तिथल्या संघासमोर चेंडू टाकून दाखवायचाय. संध्याकाळच्या बसनं निघतोय.

व्हर्ना : उद्या.

ओटिस : उद्या.

व्हर्ना : म्हणजे गेल्या रविवारी धक्क्यावर माझ्याबरोबर आइस्क्रीम खात होतास, तेव्हा तुला हे ठाऊक होतं.

ओटिस : होतं. पण आधी बोललं की होत नाही.

व्हर्ना : हेही आठ वर्षांचा असल्यापासून?

ओटिस : हेही.

व्हर्ना : आणि घेतलं तर?

ओटिस : तर मंगळवारपासून त्यांच्याबरोबर. गावोगाव. खांदा निखळून तीन वर्षं झाली, व्हर्ना. चौतिशीतल्या पिचरला पुन्हा कुणी बोलावत नाही. ही शेवटची वेळ आहे.

व्हर्ना : खांदा निखळला त्या दिवशी…

ओटिस : घाईत होतो. पाय पडला होता रेघेवर. कुणाला सांगू नकोस.

गॅलोवे : दहा मिनिटं, व्हर्ना!

ओटिस : चल. टाकतो पाय.

व्हर्ना : काय?

ओटिस : बत्तीस पावलं आहेत ना? टाकतो. दोन महिने खपलीस या नाचासाठी. माझ्यामुळे जायला नको.

व्हर्ना : आणि उद्या?

ओटिस : उद्याचं उद्या. चुन्याला काय कळतंय मी कोण ते.

व्हर्ना : टोपी तिसऱ्यांदा काढलीस तू.

ओटिस : ऊन आहे.

व्हर्ना : उन्हात टोपी घालतात, काढत नाहीत. थांब जरा. ही रेघेची गोष्ट सगळ्या खेळाडूंना ठाऊक असते?

ओटिस : सगळ्यांना.

व्हर्ना : आणि बघायला येणाऱ्यांना?

ओटिस : मैदानावर चार वेळा गेलेल्या कुठल्याही पोराला विचार.

व्हर्ना : म्हणजे माझे नऊ खेळाडू ती रेघ तुडवत ऐटीत चालले, की थिएटरात…

ओटिस : हसतील. वाईट वाटून घेऊ नकोस.

व्हर्ना : दोन महिने! दोन महिन्यांत तोंड उघडता आलं नाही तुला?

ओटिस : पहिल्या दिवशी तू ती चाल करून दाखवलीस ना, हात पसरून, तेव्हा इतकी खूश होतीस… मला वाटलं, आपण बाजूनं चालू, कुणाला कळणार नाही.

व्हर्ना : क्रेनवरच्या कॅमेऱ्यापासून लपून! शहाणा आहेस. …मिस्टर गॅलोवे!

गॅलोवे : तयार?

व्हर्ना : नाही. नाचातली चाल बदलायचीय.

गॅलोवे : डोकं ठिकाणावर आहे का? गाणं आधीच रेकॉर्ड झालंय. एक ठोका वाढणार नाही.

व्हर्ना : नकोच वाढायला. बत्तीस ठोके तेच. रेघेवरून चालायच्या ऐवजी रेघ ओलांडत यायचं. या बाजूनं त्या बाजूला, त्या बाजूनं या बाजूला, बुटाची नाडी ओवतात तसं. चुन्याला बूट लागता कामा नये.

गॅलोवे : का?

व्हर्ना : खेळाडू रेघ तुडवत नाहीत. आपण तुडवली तर तिकीट काढून आलेली पोरं गाण्याला नाही, आपल्याला हसतील.

गॅलोवे : आणि हे तुला कधी कळलं?

व्हर्ना : आत्ता. पाच मिनिटांपूर्वी.

गॅलोवे : म्हणजे चार टेक वाया गेले ते तुझ्या चालीमुळे.

व्हर्ना : हो. चूक माझी. त्याची नाही.

गॅलोवे : एक टेक देतो. सराव नाही, काही नाही. फसला तर नाच गेला, आणि सोमवारपासून तू पुन्हा फ्रेस्नोची मुलं सांभाळ.

व्हर्ना : कबूल.

ओटिस : व्हर्ना, वेडी आहेस का? मी म्हटलं ना, टाकतो पाय!

व्हर्ना : तू गप्प राहा आणि पुढे उभा राहा. मुलांनो, इकडे लक्ष! जुनी चाल विसरा. नुकतीच नव्यानं ओढलेली ही रेघ म्हणजे दारात झोपलेलं मांजर. ओलांडायचं, उठवायचं नाही. तीन ठोके पुढे, चौथ्याला पलीकडे. पायाकडे बघायचं नाही, ओटिसकडे बघायचं. तो करेल तसं करा.

ओटिस : माझ्याकडे? मला नाचता येत नाही!

व्हर्ना : रेघ ओलांडता येते. पंचवीस वर्षं तेच केलंयस. आज आम्हाला शिकव.

गॅलोवे : कॅमेरा! गाणं लावा!

व्हर्ना : पाच, सहा, सात, आठ! एक, दोन, तीन, पलीकडे! एक, दोन, तीन, अलीकडे! चेस्टर, टाच वर! हां, असं! हसा रे, परीक्षेला बसल्यासारखे दिसताय! …शेवटचे आठ! पाच, सहा, वळ ओटिस, बाकीचे वाका… फेक!

गॅलोवे : कट.

व्हर्ना : चेंडू हातमोज्यात बसला ना? मला दिसलं नाही. मी डोळे मिटले होते.

गॅलोवे : बसला. रेघ बघून सांग. मोडलीय कुठे?

व्हर्ना : …नाही. एकही ठसा नाही.

गॅलोवे : हं. हाच ठेवा. जेवायला चला सगळे! आणि व्हर्ना, वरच्यांनी विचारलं तर चाल पहिल्यापासून अशीच होती.

व्हर्ना : हो, मिस्टर गॅलोवे.

ओटिस : एकदा शाबास म्हणायला काय जात होतं त्याचं?

व्हर्ना : 'हं' म्हणाला ना. आठ वर्षांत दुसऱ्यांदा ऐकलं मी.

ओटिस : तुझा नाच राहिला.

व्हर्ना : राहिला. बस कितीची आहे?

ओटिस : सहाची. हे बघ, उद्या नाही जमलं तर मी येतोच परत. माझं अजून थोडं काम उरलंय इथलं.

व्हर्ना : उरलंय ते सगळं पाठमोरं आहे. तुझे कपडे घालून कुणीही उभा राहील.

ओटिस : रविवारी मी बोलायला हवं होतं.

व्हर्ना : हवं होतं.

ओटिस : रागावलीस?

व्हर्ना : उद्या रेघ जपून ओलांड. सोमवारी सकाळी आठला हजेरी आहे, ओटिस. येऊ नकोस.