ऐकणाऱ्याची सही

आपल्या बाळाला लस टोचून घ्यायला आलेली ती दवाखान्यात बसली होती. शेजारी बापलेकीचं बोलणं चाललं होतं.

"कसला गं कागद?"

"कॉलेजचा. पाच जणांपुढे पाच-पाच मिनिटं बोलायचं आणि ऐकणाऱ्याची सही घ्यायची. आज दिला नाही तर तोंडी परीक्षेला बसू देणार नाहीत."

"चार झाल्यात की. आण, पाचवी मी ठोकतो."

"घरचे चालत नाहीत, बाबा."

"मग पकड एखाद्या मैत्रिणीला. या चौघी कोण? कधी घरी आणल्या नाहीस."

"चौघी नाहीत. सगळ्या सह्या मीच केल्यात."

"अगं, मग बोललीस कुणाशी?"

"भिंतीशी. पाठ आहे सगळं."

बाबा उगाच खाकरत राहिले. त्यांचा नंबर पुकारला, तसे आत गेले.

"मी ऐकू?" तिने मुलीला विचारलं. सकाळपासून बाळाखेरीज कुणाशी बोलली नव्हती. आवाज घोगराच निघाला.

मुलीने कागद मांडीवर उलटा केला.

"पाच मिनिटं लागतील, ताई. तुमचा नंबर जाईल."

"पुढचा माझाच आहे. पण मागच्या बाईंना आधी जाऊ दे," ती बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली. "हं, बोल. सावकाश बोल."