केबिनमधले पाच बुंधे

बसा सगळे. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत.

मी कुसुम. विनायकची थोरली बहीण. बेलापूरला राहते. तुमच्यातले पुष्कळजण मला चेहऱ्याने ओळखतात. दर रविवारी डबा घेऊन तुमच्या गेटमधून आत येणारी आणि वॉचमनने "किसके घर जाना है" विचारलं की त्याच्याकडे रोखून बघणारी बाई, ती मीच. आज कामं सोडून तुम्ही इतकेजण आलात. महाप्याच्या कारखान्यातले विनूचे जुने सोबतीही आलेत. सगळ्यांचे आभार मानते.

बोलणं मला जड जातंय. धाकट्या भावासाठी थोरल्या बहिणीने असं उभं राहायचं, हा क्रमच चुकला आहे. पण आत्ता माझा आवाज कापतोय तो दुःखाने नाही. रागाने. दुःख मी घरी करीन, त्याला मला कोणाची सोबत नको. राग मात्र इथेच करायला हवा. ज्यांच्यावर आहे ते इथे बसलेत.

माझ्याआधी जे बोलले ते सगळे गोड बोलले. काका म्हणजे एक मोठं मूल होतं. काकांना ट्रेनचं वेड होतं. निवृत्तीनंतर काकांनी खेळण्यांत मन रमवलं.

मोठं मूल? माझा भाऊ साचे बनवणारा कारागीर होता. केसाएवढा फरक राहिला तरी साचा परत घ्यायचा. हे त्याचे सोबती समोर मान हलवतायत, त्यांना विचारा. आणि खेळणी? ज्यांनी केबिन आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, तिथे काय होतं.

तुमच्या जुन्या गेटपाशी एक पत्र्याची केबिन आहे. वॉचमनची होती. गेट दुसऱ्या बाजूला गेलं आणि केबिन रिकामी पडली. आत तुटक्या कुंड्या आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. विनूची बायको सुधा गेली, मूलबाळ नव्हतं, घर त्याला खायला उठायचं. त्याने कमिटीकडून ती केबिन मागून घेतली. पत्रा बदलला. दारापासून खिडकीपर्यंत टेबल ठोकलं. त्यावर रूळ टाकले, कोपरखैरणे स्टेशन बांधलं, मागे पारसिकचा डोंगर, आणि पुढे ही तुमची सोसायटी. गच्चीवरच्या टाक्या, भिंत, गेट, सगळं.

डोंगर थर्माकोलचा, वर कागदाचे तुकडे आणि प्लास्टर. माती म्हणजे टपरीवरून आणलेला चहाचा चोथा, वाळवून माझ्या पिठाच्या चाळणीने चाळलेला. झाडांचे बुंधे जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून केलेले. पानं म्हणजे जुन्या गादीचा फोम, रंगवून मिक्सरमधून काढलेला. मिक्सरही माझाच. अजून चटणीत एखादा हिरवा कण सापडतो, मी कोथिंबीर समजून खाते.

मे महिन्यात तो पत्रा तव्यासारखा तापायचा. पंखा होता, पण लावायची सोय नव्हती, पंखा लावला की गवत उडून जायचं. डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचा. मी म्हणायचे, "विनू, मरशील इथे एक दिवस."

"गवत चिकटू दे अक्का, मग मरतो."

आणि गाडी? ज्या गाडीचं वेड होतं म्हणता, ती कोपऱ्यात धूळ खात असायची. मी एकदा विचारलंही, "अरे, ही चालवणार कधी?"

म्हणाला, "गाडी दुकानात मिळते. जागा मिळत नाही."

त्याचा एकच नियम होता. खिडकीबाहेर जे दिसतं ते टेबलावर असलं पाहिजे, आणि खिडकीबाहेर जे नाही ते टेबलावर असता कामा नये. दसरा झाला की डोंगर पिवळा पडायला लागतो. तो आतल्या डोंगरावर चहाचं पाणी शिंपडून तोही पिवळा करायचा. पावसाळ्यात पुन्हा हिरवा. मग समोर तो निळ्या काचांचा टॉवर उभा राहिला आणि अर्धा डोंगर दिसेनासा झाला. नेमका तो अर्धा, ज्यावर विनूने सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. एकेक कडा, एकेक घळ. रविवारी मी आले तर हा पुठ्ठ्याचा टॉवर त्या कड्यांसमोर चिकटवतोय. माझाच जीव तुटला. म्हटलं, "थोडा बाजूला सरकव ना. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," म्हणाला. आणि स्वतःचं सगळ्यात सुंदर काम स्वतःच्या हाताने झाकून टाकलं.

हे मूल करतं? हे खेळणं आहे?

आता झाडांवर येते. दिलीपभाऊ, खाली बघू नका. तुम्ही सेक्रेटरी आहात, वर बघा.

भिंतीलगत पाच झाडं होती. तीन गुलमोहर, दोन रेन ट्री. ही सोसायटी झाली तेव्हा पहिल्या राहणाऱ्यांनी लावलेली. सुधाने बादलीने पाणी घातलेली. गाड्यांवर पक्ष्यांची घाण पडते आणि पार्किंग पुरत नाही म्हणून तुम्ही मीटिंग घेतलीत. विनू उभा राहिला आणि नाही म्हणाला. एकटाच. कागदावर "सर्वानुमते" लिहिलं गेलं. परवानगी फांद्या छाटायची आणलीत आणि छाटणी जमिनीपर्यंत पोचली. कंत्राटदाराची चूक, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. चूक एका झाडाला होते, दिलीपभाऊ. पाच झाडांना होत नाही.

त्या रविवारी मी आले तेव्हा विनू टेबलावर ओणवा होऊन बारीक करवतीने तांब्याची तार कापत होता. मी म्हटलं, "कापत काय बसलायस? उपटून काढ की."

"बाहेर उपटली नाहीत, अक्का. कापली."

पाचही कापली. बाहेरचे बुंधे ज्या उंचीचे, त्या हिशेबाने आतले. वरचा काप फिकट पिवळा रंगवला, ताज्या लाकडासारखा. कापलेली वरची झाडं मात्र टाकली नाहीत. कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

"ही कशाला?"

"बाहेर परत आली तर लागतील."

"अरे, परत आली तरी रोपं येतील. एवढी मोठी व्हायला जन्म जाईल."

"जाऊ दे. फोम खराब होत नाही."

मग आला सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाला पाहुणे येणार आणि पाहुण्यांना केबिन दाखवायची, असं तुमचं ठरलं. तुम्ही केबिनमध्ये आलात, दिलीपभाऊ. मी तिथेच चोथा चाळत बसले होते. तुम्ही मला नमस्कारही केलात. आणि विनूला म्हणालात, "काका, तेवढी झाडं परत लावून टाका ना. डब्यात आहेत म्हणे तुमच्याकडे. पाहुणे येतायत, वाईट दिसतं."

विनू म्हणाला, "बाहेर वाईट दिसत नाही?"

तुम्ही हसलात. म्हणालात, "बाहेर कोण बघतंय, काका."

बाहेर कोण बघतंय. हे वाक्य मी विसरलेले नाही. विनूने फडकं घेतलं आणि खिडकीची काच पुसायला लागला. आतून पुसली, मग बाहेर जाऊन बाहेरून पुसली. पाहुण्यांना तुम्ही केबिनकडे नेलंच नाहीत. पुढच्या महिन्यात नोटीस लागली, केबिन पार्सलं ठेवायला हवी आहे.

थांबा. मघाशी चहाच्या टेबलापाशी कोणीतरी हळूच म्हणत होतं की झाडांचं काकांनी मनाला लावून घेतलं, त्यातच गेले. तसं नाही. त्याचं हृदय आधीपासून दुबळं होतं. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि हा माझ्या पाठीमागे बासुंदी खायचा. दवाखान्यात शांतपणे गेला. त्याला कोणी मारलं नाही. तेवढं मोठेपण मी कोणाला देणार नाही.

माझा राग आज सकाळचा आहे.

आज सकाळी मी केबिन उघडायला आले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, कल कमिटीवाले आये थे. पेड लगाके गये, काका के लिये."

मी काय केलं असेल? मी धावत भिंतीकडे गेले. या वयात, या गुडघ्यांनी. मला वाटलं, चला, माणूस गेल्यावर का होईना, लाज वाटली. भिंतीपाशी गाड्या होत्या. गाड्यांच्या मध्ये बुंधे होते. एका बुंध्यावर कोणीतरी चहाचा कागदी कप ठेवला होता. रोप एकही नव्हतं.

मग केबिन उघडली. झाडं आत होती. प्लास्टिकची. केकवर खोचतात ना, तसली. विनूच्या बुंध्यांवर डिंक ओतून उभी केलेली. त्यात दोन नारळाची. या भिंतीला नारळ कधी होता हो? तुम्ही इथे राहता, तुम्हीच सांगा. कधी होता?

काय म्हणालात, शैलाताई? मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू दे.

प्रेमाने लावली. बरं. प्रेमाने लावली असतील. मी तुमच्यावर विश्वास ठेवते. तुम्ही त्याला दवाखान्यात सूप नेऊन दिलंत, तेही मला माहीत आहे. आणि म्हणूनच तर मला जास्त राग येतो. झाडं तोडताना तुम्ही गप्प बसलात, आणि प्रेम आलं ते प्लास्टिक घेऊन आलं. जिवंतपणी त्याने तुम्हा सगळ्यांना नाही म्हटलं. मेल्यावर तुम्ही त्याच्याकडून हो म्हणवून घेतलंत. बसा, शैलाताई. तुम्ही एकट्या नाही, म्हणून एकट्या उभ्या राहू नका.

ती झाडं मी काढली. ही या पिशवीत आहेत, ज्याची त्याने घेऊन जावीत, पुढच्या वाढदिवसाला उपयोगी पडतील. काढताना एका बुंध्याभोवतीचं प्लास्टर निघालं. ते मी दुरुस्त करीन.

आता मघाची घोषणा. दिलीपभाऊंनी सांगितलं की विनायककाकांची स्मृती म्हणून हा सगळा देखावा लॉबीत हलवणार. काचेची पेटी, आत दिवे, खाली पितळी पाटीवर नाव. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी वाजवल्या नाहीत.

तो देखावा लॉबीत जाणार नाही. लॉबीला खिडकी नाही. तिथे बाहेर काय चाललंय ते दिसत नाही, आणि जिथे बाहेरचं दिसत नाही तिथे विनूचं काम कळणार कसं? तो केबिनमध्येच राहील. पार्सलं दुसरीकडे ठेवा. त्याच्या मागे त्याच्या वस्तूंचं काय करायचं हे मी ठरवणार, आणि मी हे ठरवलं आहे. कमिटीला मान्य नसेल तर उद्या टेम्पो आणून सगळं बेलापूरला नेईन, माझ्या हॉलमध्ये सोफा काढून ठेवीन. पण खोट्या झाडांखाली माझ्या भावाचं नाव लागणार नाही.

आणि केबिनमध्ये राहिला, तर त्याची देखभाल मी करीन. दर रविवारी. मला त्याच्यासारखा हात नाही. पण चाळणी माझी आहे, मिक्सर माझा आहे, आणि दसऱ्यानंतर डोंगर पिवळा करायचा असतो एवढं मला कळतं.

झाडंही लावीन. बिस्किटांचा डबा माझ्याकडे आहे. पण नियम त्याचाच. आधी बाहेर. तुम्ही भिंतीपाशी ज्या दिवशी रोप लावाल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी येऊन आत काडीएवढं रोप लावीन, त्याला काडीचं कुंपण करीन. बाहेरचं गुडघ्याएवढं झालं की आतलं तेवढ्या हिशेबाने वाढवीन. बाहेरचं वाळलं तर आतलंही वाळवीन, हेही ऐकून ठेवा. डब्यातली मोठी झाडं परत टेबलावर लागतील तेव्हा बघायला मी नसेन. दिलीपभाऊ, तुम्हीही नसाल. तो डबा मी जाताना कोणाला तरी देऊन जाईन.

मला एवढंच बोलायचं होतं.

आता त्याच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. पण इथे पंख्याखाली नाही. चला भिंतीपाशी. त्या पाच बुंध्यांजवळ उभे राहा, आणि डोळे मिटू नका. बाहेर कोण बघतंय, असं विचारलं होतं ना? आज सगळ्यांनी बघा.

विनू, तुला नमस्कार. थोरलीने धाकट्याला करायचा नसतो. मी करते.

तिथे आत्ता उभं राहायला जागा नाही, मी येताना पाहिलं. मधल्या दोन बुंध्यांमध्ये पांढरी गाडी आहे. दिलीपभाऊ, चावी खिशातच असेल तुमच्या. काढा गाडी.

आम्ही थांबतो.