उस्मानचाचांचं मशीन

चाकू बनवणाऱ्या आमच्या उस्मानचाचांचं डोकं म्हंजे काय सांगू गड्या! चाकूचं पातं आधी अ‍ॅसिडात काळं करायचं, मग नदीच्या गोट्यांसंगं डब्यात घोळवायचं, की चमक पार मरते, दुश्मनाला लांबून दिसत न्हाई. पण ऐनवेळी डबा फिरवायची मोटर जळाली, आन ज्यांचा चाकू, ते गावातले फौजी सुभेदार तर सकाळी तो घिऊन ड्युटीवर निघणार. चाचांनी डबा सरळ रातीला कारखान्याला निघालेल्या माझ्या उसाच्या बैलगाडीच्या चाकाला आवळला.

कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणाला, "चाकात काय खडखडतंय रं?"

म्हणलं, "चाचांचं काम चाललंय."

ऊस टाकून सकाळी घरी आलो, डबा उघडला. उन्हात धरलं तरी पातं चमकंना! सुभेदार बघतच राहिले.

"आवं चाचा, मशीन कुठलं हो ह्ये?"

चाचा म्हणाले, "दोन बैलांचं. जाताना ऊसबी वाहतं."